बिडाचा हौद

शिदू शिपायानं बाटली टेबलावर ठेवली आणि क्रॉसबीसाहेब हसले. मग बाकीचे हसले, कारण क्रॉसबीसाहेब अध्यक्ष होते आणि ते हसले की हसायचं ही आमच्या नियामक मंडळाची जुनी रीत होती. बाटलीत हिरड्याचं पाणी होतं. ते मधाच्या रंगाचं असायला हवं होतं. हे काळंकुट्ट होतं, खिडकीसमोर धरलं तरी पलीकडचा गुलमोहर दिसत नव्हता.

"ही तर शाई आहे," साहेब म्हणाले.

एवढं ऐकल्यावर रावबहादूर देवस्थळींना चेव चढला. मंडळातले एकुलते एक देशी सभासद ते. साहेबाच्या विनोदाला जोड देणं हे आपलं कर्तव्य आहे असं त्यांना मनापासून वाटे. त्यांनी सांगितलं, आमच्या आजोबांच्या काळी हिरड्याचीच शाई करीत, हिरडा उकळून त्यात हिराकस घालीत, आणि आजोबांच्या दप्तरातली अक्षरं आजही काल लिहिल्यासारखी दिसतात. बोलता बोलता त्यांनी लेखणी उचलली, त्या बाटलीत बुडवली आणि समोरच्या ठरावावर झोकात सही ठोकली. टेबलाभोवती टाळ्या पडल्या. मग त्यांनी लेखणी माझ्यापुढे केली.

"इंगळे, पृथक्करण तुमचं. तुम्हीही याच शाईनं करा."

मी केली. ही गोष्ट चौतीस सालची. आता मी पंचाहत्तरीला टेकलो आहे, पण कागदावरची ती कुरकुर आठवली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या संस्थेचं खरं नाव हातभर लांब होतं. लोक तिला कच्चा माल संस्था म्हणत. पुण्यात कॅम्पाच्या बाजूला दगडी इमारत, खाली संग्रहालय, वर प्रयोगशाळा आणि मंडळाची खोली. इलाख्यात काय पिकतं, रानात काय सापडतं आणि त्यातलं विलायतेला काय धाडण्याजोगं आहे, हे शोधण्याचं काम. काचेच्या कपाटांत अंबाडी, घायपात, लाख, डिंक, मोहाच्या बिया, सगळं चिठ्ठ्या लावून मांडलेलं. संस्था सार्वजनिक होती, म्हणजे ती चाले रयतेच्या जिवावर आणि मंडळ तिचा कारभार बघे घरच्या परसासारखा. अध्यक्ष क्रॉसबीसाहेबांची स्वतःचीच हिरडा निर्यात करणारी कंपनी होती आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. मी प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. अक्षर बरं म्हणून मंडळाचं इतिवृत्तही मीच लिही.

हिरड्याचा उपयोग कातडी कमावायला. विलायतेतले कारखाने तो जहाजंच्या जहाजं भरून मागवत. दर वर्षी संस्था एक यादी छापी: कुठल्या रानातला हिरडा उत्तम, कुठला मध्यम, कुठला टाकाऊ. यादीत रानाचं नाव असलं की जंगलखातं तिथल्या झाडांना हात लावू देत नसे. नाव गळलं की रान तोडीला मोकळं. त्या दिवशीच्या ठरावानं माळेखोऱ्याचं नाव गळलं. चार वाड्यांचं खोरं ते, महादेव कोळ्यांचं. भात पिकतं चार महिन्यांपुरतं, उरलेलं वर्ष हिरड्यावर. दिवाळीनंतर तिथं कुऱ्हाडी लागणार होत्या, आणि झाडं गेल्यावर माणसांनी तिथं राहावं असं काही उरणार नव्हतं.

आणि माळेखोऱ्याचा हिरडा उत्तम होता. माझ्या उभ्या आयुष्यात मी तसा दुसरा पाहिला नाही.

तो नमुना घेऊन ठकूबाई केंगले आली होती. खोऱ्यातून दीड दिवस चालत, मग मंचरपासून मालमोटारीनं. पन्नाशीची असेल, काटक, कपाळावर गोंदण, डोक्यावर बांबूची पाटी आणि पाटीला आतून सागाच्या पानांचं अस्तर. संचालक फेनविकसाहेबांनी त्या वर्षी पहिल्यांदाच असं ठरवलं होतं, की काही नमुने कंपन्यांच्या हातून न घेता थेट रानातून मागवायचे. माणूस भला होता. भलेपणाचं पुढं काय करायचं, ते मात्र त्याला कधी उमगलं नाही.

मी तिला वर प्रयोगशाळेत नेलं. संस्थेत येणारा माणूस शिदूलासुद्धा साहेब म्हणे. ही बाई काचेची भांडी निरखत उभी राहिली आणि मला म्हणाली, "लेकरा, हे समदं तू धुतो का रं?"

मी म्हटलं, धुतो.

"मंग एक ध्येनात ठेव. याला लोखंड लावू नको. आमी कोयतासुदा लावत न्हाई. दगडानं फोडायचा, कातळावर वाळवायचा. लोखंड लागलं का काळा पडतोय."

"मला ठाऊक आहे, मावशी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तिचा विश्वास बसला. हिरडा वेचायचं काम बायकांचं, म्हणून वाड्यांनी तिला धाडलं होतं, आणि जाताना ती मला चार वाड्यांची नावं सांगून गेली, जशी काही मी ती पाठ करून ठेवणार होतो. ठेवलीही.

आता तो हौद. दोन वर्षांपूर्वी रावबहादुरांनी संस्थेला बिडाचा एक मोठा हौद भेट दिला होता, ओतीव लोखंडाचा, चार पायांचा, दर्शनी बाजूला पितळी पाटी: "रावबहादूर त्र्यं. गो. देवस्थळी यांजकडून सप्रेम". भेट आली म्हटल्यावर ती वापरात आली पाहिजे, म्हणून मंडळानं नियम केला. कंपन्यांचा माल मोहोरबंद बरणीतून, दाखल्यासकट येतो, तेव्हा तो स्वच्छच असणार. तो चिनी मातीच्या भांड्यात सरळ तपासावा. थेट रानातून, इथल्या माणसांच्या हातून आलेला माल मात्र आधी धुवावा आणि दोन दिवस हौदात भिजवावा. त्या हौदात अंबाडी धुतली, करडई धुतली, कशालाच काही झालं नाही. हिरडा त्यात पहिल्यांदाच पडला तो माळेखोऱ्याचा. तिसऱ्या दिवशी शिदूनं बाटली भरली, ती काळी. क्रॉसबीसाहेबांच्या कंपनीचा हिरडा, निम्मा किडका, चिनी मातीत तपासला गेला आणि उत्तम ठरला.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला तर ठाऊक होतं. ते सांगतो पुढं.

निकालाचा कागद खोऱ्यात पोचला आणि आठव्या दिवशी ठकूबाई पुन्हा संस्थेच्या व्हरांड्यात उभी. डोक्यावर तीच पाटी, पुन्हा भरलेली. रडली नाही, भांडली नाही. पाटी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "परत बघा. काईतरी चुकलंय." कशात भिजवला होता, तेही तिनं विचारलं. कुणाची तरी चूक झाली असेल, असं मी पुटपुटलो आणि नजर पाटीकडे वळवली.

मी तो हिरडा माझ्या खोलीवर नेला. मातीच्या नव्या मडक्यात, विहिरीच्या पाण्यात भिजवला. दोन दिवसांनी वर आलेलं पाणी मी काचेच्या भांड्यात धरलं आणि दिव्यासमोर नेलं. सोनेरी. मग चोरून प्रयोगशाळेत तपासलं. इतका कस मी कुठल्याच नमुन्यात पाहिला नव्हता. फेनविकसाहेबांकडे गेलो. त्यांनी आकडे दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि पुढच्या सभेत मला पाच मिनिटं बोलू देण्याचं कबूल केलं. स्वतः मांडतो म्हणाले नाहीत.

पुढची सभा महिन्यानं, सोमवारी. मी ठकूबाईला दिवस कळवला होता, ती सकाळपासून खाली व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसली होती. मी वर गेलो तेव्हा एका खिशात सोनेरी पाण्याची बाटली होती आणि दुसऱ्यात एक गंजका खिळा.

मंडळाच्या सभेत पहिलं काम ठरलेलं: मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं आणि कायम करायचं. कायम झालं की ठराव छापायला जायचा. मी ते वाचलं, ठरावाशी थांबलो आणि फेनविकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी अध्यक्षांना सांगितलं, इंगळ्यांना या नमुन्याबद्दल काही दाखवायचं आहे. चहा नुकताच आला होता. साहेबांनी हातानंच दाखव म्हणून खूण केली.

मी बाटली टेबलावर ठेवली. हाही माळेखोऱ्याचाच हिरडा, म्हणालो, पण मातीच्या मडक्यात भिजवलेला. आणि खिळा बाटलीत टाकला.

सगळे चहा पीत बघत होते. खिळ्याभोवती आधी धुरासारखी एक रेघ आली. मग ती खाली बसत गेली, पसरत गेली. रावबहादुरांचा कप रिकामा होईपर्यंत अर्धी बाटली निळसर काळी झाली होती. सगळ्यांनी पाहिलं. एकाही माणसाला असं म्हणता येणार नाही, की मला दिसलं नाही.

"रावबहादूर," मी म्हणालो, "आपले आजोबा शाईत हिराकस घालीत, असं आपणच सांगितलंत. हिराकस लोखंडाचाच. हिरड्याला लोखंड लागलं की शाई होते. हिरडा चांगला आहे, हौद बिडाचा आहे."

एवढं बोलून मला फार हलकं वाटलं. फेनविकसाहेब मान डोलवत होते. मला वाटलं, जिंकलो. असा गाढव मी.

रावबहादुरांनी बाटलीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. हौदाला नाव ठेवलं म्हणजे पितळी पाटीला नाव ठेवलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "हे कुठल्या पुस्तकात आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, पुस्तकात असेलही, मी पाहिलेलं नाही.

"मग आपल्याला कसं ठाऊक?"

तीन वर्षं मी याच प्रश्नाला भीत होतो. इंगळे आडनाव कुठल्याही जातीत सापडतं. नोकरी लागताना त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पण आता खाली पायरीवर ती बाई बसली होती.

"माझ्या बापाच्या हौदांवरून," मी म्हणालो. "आम्ही जातीनं ढोर. कराडच्या अलीकडे आमच्या गावी बाप कातडी कमावतो, हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत. आमचे हौद दगडी आहेत. माझी आई हौदाशी जाताना हातातली लोखंडी कडी काढून ठेवते. लहानपणी मी एकदा हौदात विळा टाकला होता, त्या डागाच्या कातड्याचा जोडा बापानं मला वर्षभर घालायला लावला."

रावबहादुरांनी कप बशीत ठेवला आणि बशी दूर सारली. खुर्चीही वीतभर मागं घेतली. मग अगदी शांतपणे विचारलं, "म्हणजे तीन वर्षं तुम्ही वरच्या माठातलं पाणी पीत होतात?"

"हो."

माठाचं काय बिघडलं ते क्रॉसबीसाहेबांना कळेना. रावबहादुरांनी त्यांच्या कानाशी लागून समजावून सांगितलं. मग दुसऱ्या एका सभासदानं विचारलं, की शिदूला हे माहीत होतं का. शिदूला बोलावलं. शिदूनं कानांवर हात ठेवले. पाव तास गेला. बाटली मधे तशीच होती, आता पूर्ण काळी, आणि एकही माणूस हिरड्याबद्दल बोलत नव्हता. मी उभा होतो. त्या टेबलाला लाथ घालावी असं मला वाटत होतं, आणि मी घातली नाही.

फेनविकसाहेबांनी एकदा तोंड उघडलं. नमुना पुन्हा तपासायला हरकत नसावी, म्हणाले. क्रॉसबीसाहेबांनी घड्याळ काढून बघितलं.

"पुढच्या वर्षीच्या यादीच्या वेळी जरूर तपासा," ते म्हणाले. "आज प्रश्न एवढाच आहे, की मागच्या सभेत जे झालं ते तसंच लिहिलंय का. मिस्टर इंगळे, लिहिणारे तुम्ही. लिहिलंय बरोबर?"

मी फेनविकसाहेबांकडे पाहिलं. ते आपल्या नखांकडे बघत होते.

"लिहिलंय बरोबर," मी म्हणालो. कारण लिहिलं होतं बरोबर.

इतिवृत्त कायम झालं. त्यानंतर त्या सभेत नवीन असा एकच ठराव झाला: संस्थेच्या वरच्या मजल्यावरील पिण्याच्या पाण्याचा माठ बदलून नवा घ्यावा. सूचक रावबहादूर देवस्थळी, एकमतानं मंजूर. तोही मीच माझ्या सुंदर अक्षरात लिहिला. महिनाअखेर मला नारळ मिळाला आणि पुढची तीस वर्षं मी कातडीच्याच धंद्यात काढली, त्याचं मला दुःख नाही.

एकसष्ट साली मी इतिवृत्ताचं ते पुस्तक पुन्हा पाहिलं. संस्था केव्हाच बंद झाली होती आणि तिची दप्तरं एका सरकारी गोदामात धूळ खात पडली होती. ओळखीनं आत शिरलो. त्या पानावर बाकीच्या सगळ्या सह्या विलायती जांभळ्या शाईच्या, विटून गेलेल्या, कुणाची कुठली ते लागत नव्हतं. दोन सह्या मात्र काळ्याभोर. एक रावबहादुरांची आणि तिच्याखाली माझी. आजोबांच्या शाईबद्दल ते खरंच बोलले होते. माळेखोऱ्यात तोवर एकही घर उरलं नव्हतं.

त्या सोमवारी मी खाली उतरलो तेव्हा ठकूबाई रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती.

"झालं का रं, लेकरा?"

नाही झालं, मी सांगितलं. दिवाळीनंतर तोड लागेल, हेही सांगितलं. तिनं पाटी खाली पायरीवर ठेवली. मग म्हणाली, "पयला नमुना काळा कशानं पडला? मी तर सांगून गेल्ते."

मला सांगता आलं असतं, शिदूनं भिजवला. नियम मंडळाचा. हौद रावबहादुरांचा. सगळं खरं होतं आणि ते सगळं मी महिनाभर स्वतःला सांगत आलो होतो. पण वर एवढा अपमान गिळून आलो होतो, की आता आणखी एक खोटं गिळायला जागा नव्हती.

"मावशी, तो हौदात घातला तेव्हा मी तिथंच उभा होतो," मी म्हणालो. "घालायची चिठ्ठी माझ्याच हातात होती. हौद लोखंडाचा आहे हे मला दिसत होतं. त्याच वेळी ज्यांनी तो दिला ते गृहस्थ पाहुण्यांना घेऊन हौद दाखवायला आले होते. मी एक शब्द बोललो असतो, तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक. मग माझी जात निघाली असती. म्हणून मी गप्प बसलो. चिठ्ठीवर सही केली आणि शिदूला म्हणालो, घाल."

"म्हंजी तुला ठावं व्हतं."

"हो."

"तू मला तवा सांगितलंस, ठाऊक हाय. त्ये खरंच ठावं व्हतं."

"हो."

"आन् आज बोललास."

"आज बोललो."

"आज बोलून काय व्हनार व्हतं?"

रावबहादूर, क्रॉसबी, नखं बघणारा तो फेनविक, सगळ्यांना मी आयुष्यभर भरपूर शिव्या दिल्या आहेत, आणि त्यातली एकही वाया गेलेली नाही. पण या प्रश्नाला मी अजून कुणाच्या नावानं उत्तर देऊ शकलेलो नाही.

ती उठली. पाटीतली सागाची पानं काढून तिनं पायरीवर ठेवली, पदर खोचला, पाटी काखेत घेतली. मला वाटलं ती तोंडावर थुंकेल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बरं हाय, सायेब," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.